तेरा टक्के

खंडेनवमीच्या सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की लॅपटॉप चार्ज होत नाहीये. वेळ मी नेमकी सांगते, कारण तीस वर्षं मी फलटणच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक होते आणि घड्याळ बघितल्याशिवाय मला घाबरताही येत नाही.

वायर लावलेली होती. भिंतीवरचं बटण चालू होतं. पण लॅपटॉपच्या कडेचा हिरवा दिवा बंद होता आणि त्याच्या शेजारचा नारिंगी दिवा तीनदा लुकलुकायचा, थांबायचा, परत तीनदा लुकलुकायचा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, तेवीस टक्के.

दुसऱ्या कुणाच्या घरात एवढ्यानं आकाश कोसळलं नसतं. आमच्या घरात त्या लॅपटॉपवर माझा नवरा चालतो. चालतो, बोलतो, घास गिळतो आणि चित्रं काढतो.

सदानंद भोईटे, निवृत्त चित्रकला शिक्षक, वय सहासष्ट. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि पुढे सगळं शरीरच आखडत गेलं. गोळ्यांचा गुण संपला, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत खोलवर केसाएवढ्या दोन तारा बसवल्या. असल्या तारा पूर्वीही बसवत. त्या आपल्या ठरलेल्या तालात विजेचे बारीक ठोके देत राहायच्या. या नव्या तारा आधी ऐकतात. हात उचलायचा विचार मनात आला की मेंदूत एक लहर उठते. ती लहर तारा टिपतात आणि बिनतारी लॅपटॉपला कळवतात. ती पुढे कुठे अडकणार, याचा अंदाज लॅपटॉप बांधतो आणि अडकायच्या आत नेमका ठोका परत पाठवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

पण हे त्याला शिकावं लागतं. प्रत्येकाचा मेंदू वेगळा. पहिले आठ महिने आम्ही नरक पाहिला. कप उचलायला जावं तर पाय उडायचा, बोलायला जावं तर जीभ चावली जायची. मग हळूहळू यंत्राला माणूस कळत गेला. दोन वर्षांनी ह्यांनी माझं चित्र काढलं, आणि त्यात नाक जरा मोठं काढलं, तेव्हा मी रागावायच्या ऐवजी रडले.

हे शिकलेलं सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि कायद्यानं ते दुसरीकडे कुठेही ठेवता येत नव्हतं. लोकांच्या मेंदूच्या नोंदी चोरून विकल्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा सरकारनं कडक नियम केला. मेंदूची माहिती डिस्कवर लिहायची नाही, घराबाहेर पाठवायची नाही. ती फक्त वीज असेपर्यंत जिवंत राहणाऱ्या स्मृतीत ठेवायची. वीज गेली की पाटी कोरी. बातमी ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

म्हणजे शून्य टक्के झालं, की दोन वर्षांचे सदानंद भोईटे पुसले जाणार होते. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की आजार पुढे गेला की मेंदू दुसऱ्यांदा शिकवू देईलच असं नाही.

"अहो," मी म्हटलं, "हे चार्ज होत नाहीये."

ते खिडकीशी बसून झेंडूची माळ ओवत होते. दोन वर्षांपूर्वी ज्या हातात चमचा राहत नव्हता, तो हात सुईत दोरा ओवत होता. "वायर सैल असेल," ते म्हणाले.

वायर काढून परत घातली. तीनदा लुकलुक. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली. तीनदा लुकलुक. त्या सॉकेटला मिक्सर लावून पाहिला, तो ठणठणीत. कपाटातला जादा चार्जर काढला, घातला, हलवला, दाबला, उलटा करून घातला. दहा वेळा तरी घातला असेल. तीनदा लुकलुक. बावीस टक्के झाले, एकवीस झाले. दोन मिनिटाला एक टक्का जात होता.

मदतकेंद्राचा फोन लगेच लागला, हे एक नशीब.

"मॅडम, आधी चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावलाय का, ते पाहा."

"लावलाय. दोन चार्जर झाले, दोन सॉकेट झाले. नारिंगी दिवा तीनदा लुकलुकतो. त्याचा अर्थ सांगा."

तो काहीतरी वाचत असावा. "तीनदा म्हणजे यंत्रानं वीज नाकारली."

"नाकारली? का?"

"कारण दिसत नाही, मॅडम. हल्ली बॅटऱ्या स्वतःच ठरवतात. आगी लागायला लागल्या, तेव्हापासून तसा नियम आहे. धोका वाटला की त्या आत वीज घेत नाहीत. बाकीच्या यंत्रांवर कारण लिहून येतं. तुमच्या यंत्रात वैद्यकीय प्रणालीशिवाय दुसरं काही चालत नाही, त्यामुळे…" तो थांबला. "इंजिनिअर पाठवतो. दसऱ्याची सुट्टी आहे, म्हणून परवा."

"माझ्याकडे अर्धा तास आहे हो!" मी ओरडले. फाट्यावर बस पलटली त्या दिवशी डेपोतही माझा आवाज असा चढला नव्हता.

तो बिचारा घाबरला, पण पुढे जे बोलला ते कामाचं होतं. "मॅडम, पेशंटची जोडणी बंद केली तर वीज कमी लागेल. नुसती स्मृती जिवंत ठेवायला अर्ध्या तासाला एक टक्का पुरतो. पण मग पेशंटला…"

"कळलं," म्हणून मी फोन ठेवला.

जोडणी बंद केली की तारा जुन्यासारख्या नुसता ठोका धरतात. तेवढ्यानं श्वास चालतो, घोटभर लाळ गिळता येते, बाकी माणूस थिजतो. डोक्यात सगळं चालू असतं, दिसतं, ऐकू येतं, पण पापणीसुद्धा हलत नाही. बुबुळं तेवढी फिरतात. यांना वाचवायचं तर मला यांना बंद करायचं होतं.

यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. हातातली माळ खाली ठेवून ते म्हणाले, "किती राहिले?"

"चौदा."

"मग बघत काय बसलीस? बंद कर."

"मला भीती वाटते हो."

"मलाही वाटते." ते हसायला गेले, पण ओठ कोरडे पडले होते. "पद्मा, एवढंच कर. माझं तोंड भिंतीकडे करू नकोस. मागे दवाखान्यात जोडणी थांबवली, तेव्हा नर्सनं दोन तास भिंतीकडे बसवलं होतं. भिंतीवर एक पोपडा होता, तो अजून माझ्या डोळ्यांपुढे येतो."

मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. मागे उशा लावल्या. तोंडात काही राहिलंय का, ते बोट घालून पाहिलं, कारण तासाभरापूर्वी त्यांनी पुरणाची चव घेतली होती. मग पडद्यावरच्या 'जोडणी थांबवा' या चौकटीवर उजव्या हाताची तर्जनी ठेवली. यंत्रानं विचारलं, 'नक्की?' मी परत दाबलं. झालं. एवढं सोपं असायला नको होतं. एस.टी.चा ब्रेक दाबायलासुद्धा याहून जास्त जोर लागतो.

दहा वाजले होते. तेरा टक्के. म्हणजे साडेचारपर्यंत वेळ होता.

ते लगेच थिजले नाहीत. आधी बोटं वळली, मग खांदा पुढे आला, मग चेहरा उतरत गेला. "पद्मा" म्हणायला गेले आणि 'प'वरच अडकले. वीस मिनिटांत खुर्चीत फक्त डोळे उरले. मी त्यांच्यापुढे बसून होते.

ते डोळे मात्र स्वस्थ नव्हते. एकदा लॅपटॉपकडे जायचे, एकदा देवघराकडे. तिथे खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. पाटावर ह्यांचे कुंचले, माझी डेपोतली शिट्टी, विळी, कातरी, शिवणयंत्राची चाकी, आणि पुढे हळदीकुंकवाचं तबक. डोळे तबकाकडे जायचे, मग परत लॅपटॉपकडे.

"देवाला सांगू म्हणता?" मी विचारलं. "दिवा लावते हं."

मी समई तेववली, हात जोडले. मागे वळून पाहते तर यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, भक्तीनं वाहतंय.

शैला ननावरेचा फोन लागत नव्हता. शैला म्हणजे डेपोमागची दुरुस्तीवाली. मोटर, मोबाइल, लॅपटॉप, जे येईल ते उघडते. हे धंदे तिला तिच्या वडिलांनी, अण्णांनी, शिकवले आणि चित्रकला ह्यांनी. तिच्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेजारचे गावाला गेलेले. मी यांच्या मांडीवर घोंगडी टाकली, "वीस मिनिटांत येते" म्हटलं आणि दाराला कुलूप लावलं. असल्या माणसाला आत ठेवून कुलूप लावायची वेळ कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दुकान बंद, मागचं घर उघडं. ओट्यावर शैलाची सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मीटर, कावीळ झालेल्या मुठीची जुनी सोल्डरिंग. प्रत्येकावर कुंकू आणि झेंडूचं फूल. मी एका दमात सगळं सांगितलं.

"येते की काकू," ती चप्पल शोधत म्हणाली. "चला."

"अगं, हत्यारं घे ना."

ती थांबली. "आज नाही उचलत मी. अण्णांनी आयुष्यात कधी उचललं नाही. आजच्या दिवशी हत्याराला विसावा असतो. उद्या सोनं वाटून झालं की मगच हात लावायचा."

"शैला, तिथे सर दगड होऊन बसलेत! साडेचारला पुसले जातील ते!"

"ऐकलं मी. सरांनी मला पहिल्यांदा ब्रश धरायला शिकवलं, मला कळत नाही का?" तिचे डोळे भरले होते, पण हात मागेच होते. "आधी बघू तर द्या. लागलंच, तर अण्णांची माफी मागून घेऊन जाईन. पण बघितल्याशिवाय नाही."

मी तिला मनातल्या मनात नको ते बोलले.

कुलूप उघडलं तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. वीस मिनिटं म्हणाले होते आणि पन्नास झाली होती. उशी सरकून हे उजवीकडे कलले होते, मान लोंबत होती, श्वासाला घरघर लागली होती. माझ्या तोंडून किंकाळी फुटली. दोघींनी मिळून त्यांना सरळ केलं, मान मागे टेकवली, तोंड पुसलं. घरघर थांबली. आणि डोळे परत सुरू झाले, तबक, लॅपटॉप, तबक.

"दहा टक्के," शैला म्हणाली. तिनं लॅपटॉप हळूच उचलला, वास घेतला. "जळल्याचा वास नाही. गरमही नाही. फुगलाय का? नाही फुगला." मग मोबाइलचा टॉर्च लावून ती चार्जिंगच्या भोकात एक डोळा मिटून बघत राहिली.

"काकू, ह्याच्यावर पाणी सांडलंय का?"

"छे!"

"मग आत लाल काय आहे?"

"लाल?"

"ओलं आहे. चिकट." तिनं माझ्याकडे पाहिलं. "कुंकू आहे हे."

मी लॅपटॉपला कुंकू लावलंच नव्हतं. मी त्याच्यावर नुसतं फूल ठेवणार होते, तेही राहून गेलं होतं. मी यांच्याकडे वळले. डोळे तबकावर होते. मग माझ्यावर आले आणि तिथेच थांबले.

सकाळी सात वाजता मी पुरण वाटत होते, आणि हे एकटेच देवघराशी होते. लॅपटॉप पाटावर नेऊन, ओल्या बोटानं कुंकू लावून, आपल्या सगळ्यांत मोठ्या हत्याराची पूजा यांनी केली होती. ओघळ आला असेल, मी रागावेन म्हणून पुसलाही असेल. मग वायर लावून जागेवर ठेवला. गेला तासभर ते मला हेच ओरडून सांगत होते, आणि मी समई लावत होते.

शैला समजावून सांगत होती, पण मला अर्धंच ऐकू येत होतं. भोकात बारीक पट्ट्या असतात. वीज घेण्याआधी यंत्र त्यांच्यात इवलासा प्रवाह सोडून बघतं. एका पट्टीतला प्रवाह दुसरीत गळला, तर पाणी शिरलंय असं समजून ते दार लावून घेतं. ओलं कुंकू नेमकी तीच गळती करत होतं.

"तांदळात पुरून ठेवू?" मी विचारलं.

"नको, नको. तांदळाची पूड आत जाईल. स्पिरिट आहे का?"

स्पिरिट ह्यांच्या औषधांच्या डब्यात होतं. आत घालायला बारीक काडी हवी होती, आणि सुईसारखं धातूचं काही चालणार नव्हतं. मी केरसुणीची हीर तोडून दिली. विळी पूजेत होती, म्हणून शैलानं ती दातानं तासली, टोकाला कापसाचा तंतू गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि श्वास रोखून आत फिरवला. कापूस लाल झाला. दुसरा गुलाबी झाला. अकरावा पांढरा निघाला. मग टेबलफॅनपुढे तासभर वाळवणं. हेअर ड्रायर मी आणला होता, पण गरम वारा नको म्हणाली.

एक वाजून दहा मिनिटं. सात टक्के शिल्लक. शैलानं चार्जर लावला.

नारिंगी. एकदा, दोनदा, तीनदा.

"आता तरी हत्यारं आण बाई," मी हात जोडले. "पाया पडते तुझ्या."

शैला उठली. दारापर्यंत गेली. अण्णांची माफी मागायला निघाली होती ती. मग तिथूनच परत आली आणि लॅपटॉपऐवजी चार्जरची पिन उजेडात धरली. "काकू, तुम्ही हा किती वेळा घातला होता?"

"दहा. दहा वेळा तरी."

"आणि दुसरा?"

दोन्ही पिनांच्या पोटात लाल थर होता. आतलं कुंकू मीच बाहेर काढत होते आणि मीच परत आत सारत होते. घाबरलेल्या माणसाच्या हातांना कुणीतरी बांधून ठेवायला हवं.

पुन्हा हीर, कापूस, स्पिरिट. दोन्ही पिना, मग परत भोक. पुन्हा पंखा. शैलानं लॅपटॉप वाळायला उलटा धरला, तेव्हा मला पाठीवरची चिकटपट्टी दिसली. नखाएवढी अक्षरं होती. चष्मा चढवून वाचलं: 'झाकणाचा स्क्रू सैल होताच स्मृती कायमची पुसली जाईल.'

मी ते शैलाला दाखवलं. "रोजच्यासारखा स्क्रूड्रायव्हर हातात असता ना काकू," ती म्हणाली, "तर पहिलं झाकण खोलून मोकळी झाले असते मी." पुढचा अर्धा तास आम्ही दोघी पंख्याचा आवाज ऐकत बसलो.

अडीच वाजले. चार टक्के. तिनं चार्जर लावला. मी डोळे मिटून घेतले.

"काकू, हिरवा."

दहा टक्के होईपर्यंत तिनं मला जोडणीला हात लावू दिला नाही. मग मी तीच तर्जनी पुढे केली. 'जोडणी सुरू करू?' कर बाबा, कर. आधी काहीच झालं नाही. मग खांदा मागे गेला. बोटं उलगडली. चेहऱ्यावर चेहरा परत आला.

"ओ-ओरडत होतो मी," त्यांचा पहिला शब्द निघाला. "तबक. तबक. तू समई लावलीस."

"आधी का नाही सांगितलं?"

"आधी आठवलंच नाही. थिजल्यावर विचार करायला वेळच वेळ होता, तेव्हा आठवलं." त्यांनी श्वास घेतला. "किती वेळ होतो?"

"साडेचार तासांच्या वर."

"त्यात पन्नास मिनिटं एकटा," ते म्हणाले. तक्रार नव्हती, पण त्यांनी मिनिटं मोजली होती. मी त्यांचा हात धरला आणि खूप रडले. शैला आत जाऊन चहा टाकते म्हणाली.

रात्री मला राहून राहून एकच आठवत होतं, ती चौकट किती हलक्यानं दबली. त्यांनाही तेच आठवत असणार.

दुसऱ्या दिवशी दसरा. लॅपटॉपवर मी नुसतं फूल ठेवलं, तेही भोकापासून चांगलं वीतभर लांब. हे तबक घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"काल एक हत्यार पूजेतून राहिलं," ते म्हणाले.

"कुठलं हो?"

त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि तर्जनी सरळ केली. कोरड्या कुंकवात बोट बुडवून त्यांनी माझ्या बोटाच्या टोकावर ठिपका लावायला घेतला. त्यांचा हात अगदी स्थिर होता. ठिपका मात्र नीट उमटेना, कारण माझं बोट थरथरत होतं.